पेंढ्यावर मिळालेलं कर्ज

संक्रांतीनंतरचा रविवार, दुपार. हजर : मी, माझ्या सासूबाई, आमचे हे, आणि लिहून घ्यायला शेजारच्या मीनाताई. चहा झालाय, तेव्हा सुरू करते.

माझं माहेर बदलापूरजवळचंच, सासर हेंद्रेपाड्यात, दोन्हीकडे भातशेती. पण पोट नोकरीवर. अंबरनाथला कापड रंगवायच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळलं, काय आलं, काय गेलं, सगळं माझ्याकडे, अजूनही यादीशिवाय आमच्या घरात किराणा येत नाही, आमचे हे हसतात, हसू देत. तर तिथल्या बॉयलरला कोळसा लागायचा. मग त्यांचं कापड घेणारे परदेशातले लोक विचारायला लागले, वाफ कशावर करता, कोळसा आम्हाला चालणार नाही. साहेब मला म्हणाले, तुमच्याकडे शेतं आहेत, पांढरा कोळसा कुणी देईल का बघा. पांढरा कोळसा म्हणजे काय, तर पेंढा, तूस बारीक करून दाबायचा, त्याच्या जाड कांड्या होतात, त्या जाळायच्या. मी म्हटलं, कुणी कशाला, मीच देते.

बोलून तर गेले. मशीन बनवणारे सिंधी दादा उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. ते म्हणाले, अदी, म्हणजे ताई, मशीन एक नंबर देतो, आधी पैसा लाओ. पैसा बँकेत. बँकेतल्या मॅडम तरुण, बोलायला गोड, पण काय सांगू तुम्हाला, पेंढा म्हटलं की त्यांचा चेहराच उतरायचा. कारखान्याने माल घेऊ म्हणून पत्र दिलं होतं, तरी म्हणायच्या, उद्या पेंढाच मिळाला नाही तर मशीन काय हवा दाबणार? त्यापेक्षा घर तारण ठेवा. घर सासूबाईंच्या नावावर, सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने विटा रचलेलं. त्या म्हणाल्या, ठेव. पण त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मी मॅडमना म्हटलं, घराचं मागाहून बघू, आधी येऊन माल बघा. घरामागच्या आमच्या शेडमध्ये छपरापर्यंत पेंढा रचला होता. मॅडम यायला तयार झाल्या, त्याचा आदला दिवस माझा मशीनवाल्याकडे गेला, सकाळी मॅडमना स्टेशनवरून घेऊन आले, शेडचं दार उघडते तर अर्धी शेड रिकामी! सासूबाई शांत. म्हणाल्या, राबाला दिला.

आमच्याकडे उन्हाळ्यात भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, पाला, पेंढा पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. राबाला कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही, ही रीत. मी म्हटलं, अहो आई, आज बँक यायची होती ना! तर त्या म्हणतात, बँकेला पेंढा कशाला? राबाला मांगला तं ना कसा बोलू? आमचे हे तोंड फिरवून हसत होते, मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे.

मॅडमनी विचारलं, आजी, मग हा परत कसा येणार? सासूबाईंना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, कापनी झाली का आनून टाकतील, आजवर कुनाचा राह्यलाय? चल, दाखवते. आणि मॅडमना हाताला धरून निघाल्या की, भर उन्हात, घरोघरी, मागे छत्री घेऊन मी. पहिल्याच घरातली बाई म्हणाली, मावशीचा देनारच, आनि आमचा उरलेला पन घेऊन जा, गुरा इकली, पेंढा नुसता सडतोय. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. मॅडम थांबल्या, म्हणाल्या, हे लिहून द्याल? त्या घरातली बाई म्हणाली, घ्या की, सही देऊ का अंगठा?

पाड्याने सह्या दिल्या. मॅडमनी सरकारी हमीच्या योजनेत कागद बसवले, तारण फक्त मशीन. घराचे कागद मागितलेच नाहीत. मी बँकेतून बाहेर पडले आणि पायरीवरच बसले. वॉचमन म्हणाला, काय ताई, चक्कर आली? म्हटलं, नाही रे, बरं वाटतंय.

आता कापणी होऊन लोकांचा पेंढा आलाय, परत द्यायचा त्याच्या वरचा आम्ही भाव देऊन घेतो, राबाचा वाटा मात्र तसाच सोडतो. मशीन चालू आहे, पहिली गाडी कारखान्यात उतरली. हप्ते आहेत, ते फिटतील. ज्यांनी ज्यांनी सही केली त्यांचं भलं होवो.

घर राहतं की जातं या धास्तीत मी मोरीची गळती तशीच ठेवली होती, उद्या बँकेचं होणार त्यावर खर्च कशाला म्हणून. ती अजून तशीच, भिंतीला पोपडे आलेत. काल सासूबाई म्हणाल्या, घर आपलाच हाय ना? मंग कर की नीट. प्लंबरला बोलवायचं आहे. अजून फोन केलेला नाही.