सातवी पेटी

—नाही गं, तुझी काही चूक नाही मालन, मीच तर म्हटलं होतं ना तुला, मी कॉम्प्युटरवर साहेबांशी बोलतेय तोवर हॉलमधून कराडला तुझ्या सासूबाईंना फोन लावून घे म्हणून. मीच. सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली बाई मी, आईनं फ्रेम करून दिलाय, तो बघ तिथे कपाटावर पालथा पडलाय — आणि माझ्या लक्षात येऊ नये, की फोन आणि इंटरनेट दोन्ही एकाच तारेवर आहेत? तू तिकडे रिसीव्हर उचललास आणि इकडे तुटलं. कानात कर्कश्श वाजलं असेल ना तुझ्या? तोच तो आवाज, इंटरनेटचा. ओरडले तुझ्यावर, मनावर घेऊ नकोस. बस. खुर्चीवर बस, खाली नको, किती वेळा सांगायचं, इथे कुणी सुभेदार मेजर बघायला आलेला नाही. आणि ऋचाला घे जरा, माझ्याकडे राहतच नाहीये आज. हात गार लागत असतील माझे.

स्क्रीन होय? मीच बंद केला. तापतो तो. सेकंडहँड आहे ना, वैशाली नगरच्या त्या भैयानं सांगितलंय, भाभीजी, मधून मधून बंद करत जा. आत कॉम्प्युटर चालूच आहे, काळजी नको. तुझा निरोप जाणार म्हणजे जाणारच, दर रविवारी जातो तसा — तू सांगायचं, मी टाइप करायचं, आणि साहेब तिकडे कागदावर छापून तुझ्या बळवंतच्या हातात देणार. बाकीच्या जवानांच्या बायका सकाळीच सांगून गेल्या, तुझा तेवढा राहिलाय. बघ, परत लावते मी. ऐकू येतंय? आधी नंबर फिरतो — आता शिट्टी यायला हवी — नाही. एंगेज. रविवारी अख्खं जयपूर बसतं इंटरनेटवर, त्यात आपली एक तार.

लाइन खराब नाही गं, तसं नसतं. थांब, सांगते तुला, नाहीतरी बसलोच आहोत — मला बोलू दे, बोलले की बरं वाटतं. आता तू सांगितलंस, तुझ्या निलयचं नाव शाळेत घातलं. हे मी टाइप केलं. पण तार फोनची, तिला अक्षरं कुठली कळायला, तिला आवाज कळतो. म्हणून हा मोडेम, हा डबा, अक्षरांची शिट्टी करतो. शिट्टी गेली एक्स्चेंजमध्ये, तिथून इंटरनेटवाल्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरकडे, तो आपल्याला एक नंबर देतो — पत्ताच म्हण ना, आजच्यापुरता, उद्या लावला की दुसरा. आपल्यासारखंच, कायमचा पत्ता कुणाला असतो? आणि मग तुझा निरोप एकसंध जातच नाही मालन, त्याचे तुकडे करतात. हसू नकोस. बेळगावहून आपली बदली झाली तेव्हा सामान कसं भरलं होतं आपण? काळ्या पेट्यांत. प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगानं नाव, कुठून, कुठे, आणि खाली नंबर — चौदापैकी पहिली, चौदापैकी दुसरी. तस्सं. वाटेत नाक्यानाक्यावर एकेक कॉम्प्युटर बसलेला असतो, तो आत काय आहे ते उघडून बघत नाही, फक्त पत्ता वाचतो आणि पुढच्या नाक्याकडे ढकलतो. तिथून पुढे काय, त्याला माहीत नाही. एक पेटी दिल्लीवरून जाईल, एक मुंबईवरून समुद्राखालच्या तारेतून, आणि शेवटी सगळ्या आकाशातल्या उपग्रहावरून आफ्रिकेत साहेबांच्या छावणीतल्या ताटलीसारख्या अँटेनात उतरणार. तिथे नंबर बघून परत जोडायच्या. पहिली, दुसरी, तिसरी.

एखादी नाही आली तर? बरोब्बर विचारलंस, माझ्या डिप्लोमाच्या वर्गात हे कुणी विचारलं नव्हतं. आमची सातवी पेटी आठवते ना, ऋचाच्या लंगोटांची, तेरा आल्या आणि ती भलत्याच स्टेशनावर उतरली? साहेबांनी कळवलं, सात नंबर मिळाली नाही. हेही तसंच करतात. प्रत्येक तुकड्याची पोच जाते मागे. पोच नाही आली की पाठवणारा परत पाठवतो. परत नाही आली, परत पाठवतो, जरा थांबून, आणखी जरा जास्त थांबून — आणि मग — मग थांबतो. कितीदा पाठवणार? मशीनलाही कळतं कधी सोडून द्यायचं. मला नाही कळत, मी चौथ्यांदा लावतेय. एंगेज. साहेबांना तिकडे पंधराच मिनिटं मिळतात, मागे रांग असते, ती केव्हाच संपली असतील. आणि त्यात त्यांना खोड, अर्ध्या वाक्यावर एंटर दाबायची! लग्नाआधीपासून सांगतेय, निनाद, वाक्य पुरं कर आणि मग पाठव. नाही. अर्धं इकडे, अर्धं त्याच्या बोटांत. गाडीला म्हणजे काय, गाडीला पुढे काय, माणसानं काय समजायचं —

कसली गाडी? मी गाडी म्हटलं? पाण्याची गाडी गं. पाण्याची गाडी येते छावणीत, तिला उशीर होतो, असंच काहीतरी चाललं होतं त्यांचं. ऊन फार आहे म्हणाले. जेवण बरं आहे.

युनिटच्या ऑफिसात? नको, तिकडे कशाला फोन करायचा? म्हणजे — मीही तोच विचार करतेय मघापासून, खोटं कशाला बोलू. पण ऑफिसला फोन लावला तर तार अडकणार, आणि नेमके तेवढ्यात साहेब परत आले तर? आणि नाही लावला आणि तिकडून ऑफिसच फोन करायला बघत असेल तर? त्यांना एंगेज लागत असेल, माझ्यामुळे. एका तारेवर किती जणांनी वाट बघायची! काही झालं असतं तर माणसं घरी येतात मालन, तुला माहीत आहे, सुभेदारसाहेब येतात, सोबत एक कुणीतरी बाई येते. साहेबांची बायको असली तर ती. — तू माझ्याकडे अशी बघू नकोस. मी आलेय का तुझ्या घरी? तू आलीस माझ्याकडे. निरोप द्यायला आलीस.

निरोप सांग बघू पुढचा, लिहून ठेवते कागदावर. निलयचं नाव शाळेत घातलं. पुढे? फॉर्मवर वडिलांची सही लागते... हो, ते सांगितलंस मघाशी. सही इंटरनेटवरून येते का? येते ना. कागदाचा फोटो काढतात मशीननं, त्याचेही तसेच तुकडे होतात, फार तुकडे, शेकड्यांनी. येते. बळवंतनं केली की — करेलच ना तो. का नाही करणार? त्याचा हात — देवा. काय बोलतेय मी. मला माहीत नाही मालन. आईची शपथ, मला काहीच माहीत नाही.

नको, स्क्रीन नको लावूस. बघून काय करणार, इंग्रजी अक्षरं आहेत सगळी.

...वाचलंस? कधी?

मी ओरडले आणि तू धावत दारात आलीस, तेव्हा. तेव्हा चालूच होता स्क्रीन. म्हणजे मघापासून — मी पेट्या काय, उपग्रह काय, आणि तू ऋचाला थोपटत सगळं ऐकून घेतलंस. मीच शिकवलं तुला, दिवाळीत, छापून आलेल्या कागदांत त्याचं नाव तुझं तुला सापडावं म्हणून. बी, ए, एल. आणि पुढचं 'गाडीला'ही जुळवलंस? हुशार माझी बाई. हो. एवढंच आहे. 'अनु, ऐक.' मग 'बळवंतच्या गाडीला'. आणि मग तू फोन उचललास, कारण मी सांगितलं होतं, उचल. पुढचं खरंच माझ्याकडे नाही. असतं तर — असतं तरी सांगितलं असतं का मी, देव जाणे. दार लावून घेतलं असतं. मी काही तसली धीराची बाई नाही, तुम्ही सगळ्या मला मॅडम मॅडम करता, मला साधा कुकर उघडायची भीती वाटते.

थांब. शिट्टी. ऐकतेस? लागतोय — लागला. लागला मालन! स्क्रीन लाव, ते बटण, खालचं. हं. आणि ते बघ, साहेबांच्या नावापुढचा दिवा लागलाय. थांबलेत ते. रांगेत परत उभे राहिले असणार माझ्यासाठी — तुझ्यासाठी. खाली बघ, लिहितायत, असं येतंय. लिहितायत. थांबले. परत लिहितायत. एवढं काय लिहायचं असतं? एक शब्द तर हवाय. तू वाच. माझ्याच्यानं नाही वाचवणार, तुला येतात अक्षरं, तूच —

कुठे निघालीस? मालन, ऋचाला घेऊन कुठे, आत्ता येईल, या मिनिटाला येईल. हॉलमध्ये नको जाऊस. मालन, मी सांगितलंय ना तुला, उचललास की तुटतं, आता माहीत आहे ना तुला — हात नको लावूस त्याला, मालन! मालन —

गेलं.

...नको, ठेवू नकोस. ओरडत नाहीये मी. असू दे तसाच हातात. उचललेलाच राहू दे जरा वेळ, तोवर काही येत नाही. मीही येते तिकडे.