सोडलेले सात बॉल

— नायी नायी, सायेब, गाडी चालू नका करू. दोन मिनिटं. यादी लागली, मले दिसली ना, वाचता येते मले. मी उत्तमसिंग, झरीकडच्या शाळेतला खेळाचा मास्तर, अन् बबिता माही पोट्टी — म्हणजे शाळेतली. सोळा जणी घेतल्या तुमी बेसबॉलच्या टीममंदी अन् ही राह्यली बाहेर, काहून? दहा बॉल टाकले, तिनं तीनच मारले, म्हणून? अन् सात सोडले थे कोणी मोजले? कोणीच नायी मोजले! सातही बाहेरचे होते, सायेब. मॅचमंदी असे चार सोडले का पहिला बेस फुकट मिळते, तुमाले मी काय सांगू. मोठा फटका मारणारी पोट्टी डोळ्यात भरते, पण आउट होऊन वापस येते ना थे! ही लवकर होतच नायी आउट. तीन वर्षांची वही हाये माह्याजवळ, दोनदा बॅट घेतली तर एकदा बेसवर पोचतेच — पाहा ना — बरं, नका पाहू.

कुठं सापडली सांगू? तांड्याजवळच्या वावरात, कापूस वेचून राह्यलती. बाकीच्या बाया अर्धं उललेलं बोंडही ओरबाडून घेत, काडीकचऱ्यासकट, अन् ही पुरं उलल्याशिवाय हातच लावत नव्हती. वजन कमी भरे, म्हणून मालकीण शिव्या देऊन राह्यलती. मी बांधावर उभा — म्हटलं, बापा, ह्या पोट्टीले थांबता येते! मारणं कोणालेही शिकवता येते, सायेब, थांबणं नायी शिकवता येत.

काय म्हणता? तुमी 'मार, मार' म्हणून ओरडले होते तिले? हो, ओरडले. आयकलं तिनं. तिनं माह्याकडं पाह्यलं, मी मुंडी हलवली — नको म्हणून. हो, मीच. अन् खरं सांगू — निवडीच्या नियमांचा कागद मी कालच वाचला होता. मारलेलेच मोजतील, असं लिहूनच होतं त्यात. तिले नायी सांगतलं. मले वाटलं, तुमी पाहान, म्हणान ही कोण, कोणाच्या हाताखाली शिकली... माही वही खरी करून दाखवाची होती मले, सायेब, अन् त्यात पोट्टी गेली. ह्या टीमसाठीचं तिचं वय यंदा संपून राह्यलं. टीममंदी नाव असतं तर खेळाच्या होस्टेलात राहून शिकली असती, आता उद्यापासून थेच वावर, थेच बोलणे. मले काढून टाका ना, माही तक्रार करा वरती — पण तिले एकडाव पुन्हा उभी करा. दहाच बॉल. दहाही मारते, तिले मारता येते हो! पाया पडतो तुमच्या —

थांबा. काही बोलू नका. थे पाहा, इकडंच येऊन राह्यली, हसून राह्यली. यादी नायी पाह्यली तिनं अजून.

हो ना, बबिता. सातही बरोबर सोडले. जाय, पाणी पिऊन घे. जाय म्हटलं ना.