सूर्याचं मरण ज्यांनी कापलं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आपल्या तारांगणाचे संचालक साहेब, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले पाहुणे, खाली आरामखुर्च्यांत रेलून बसलेले माझे सहकारी, त्यांच्या घरची मंडळी, आणि सवयीने घुमटाकडे बघत असलेले तुम्ही सगळे श्रोते… वर आज काही नाही हो, इकडे बघा, मी इथे आहे… तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

या घुमटाखाली मी उभी हयात निवेदन केलं. आता माझ्याबद्दल पाच जण बोलले, आणि इतकं गोड बोलले की तोंडाला चव राहिलेली नाही. संचालक साहेब म्हणाले, "मॅडम म्हणजे आमच्या तारांगणाचा सूर्यच!" टाळ्याही पडल्या. साहेब, चहानंतर ज्या नव्या कार्यक्रमाचं उद्घाटन व्हायचं आहे, त्यात सूर्य कधी मरतच नाही. मग मला निवृत्त का करताय?

हसा, हसायला हरकत नाही. पण मी विनोद करायला उभी राहिलेली नाही. मला किळस आली आहे. निरोपाच्या भाषणात हा शब्द शोभत नाही, हे कळतं मला. घरून 'कृतज्ञता', 'ऋणानुबंध' असे चांगले शब्द घोकून आले होते. ते घशाबाहेर येईनात, त्याला मी काय करू?

काय झालं ते सांगते. पाहुण्यांना इथली पद्धत ठाऊक नसेल. आमच्याकडे निवेदन नेहमी जिवंत व्हायचं. घुमटावर आकाश, माझ्या हातात प्रकाशाचा बाण, आणि समोर तुम्ही. माणसं कोणती आली आहेत ते त्यांच्या खोकण्यावरून कळायचं, आणि तसं मी बोलायचे. पण निवेदिकेचा घसा कधी बसेल याचा नेम नाही. म्हणून एकदा आमच्या ध्वनिकक्षातल्या गृहस्थांनी, ज्यांना आम्ही सगळे कानसेन म्हणतो, रिकाम्या घुमटात रजया टांगून माझं पूर्ण निवेदन ध्वनिमुद्रित करून ठेवलं. अडीअडचणीला असावं म्हणून. माझा घसा कधी बसला नाही, ते तसंच पडून राहिलं. नवा कार्यक्रम त्याच्यावर उभा केलाय. म्हणजे मी घरी जाणार, आणि माझा आवाज इथे रोज कामावर येणार. इथवरही माझी तक्रार नाही.

गेल्या आठवड्यात रंगीत तालीम झाली. घरच्या मंडळींसह या, असं आमंत्रण होतं. गेले. दार उघडताच गुलाबाचा वास. मला वाटलं कोणाची बाटली फुटली. तर नाही, तारा जन्माला येताना छतातून सुगंध सोडतात म्हणे. अहो, तारा जन्मतो कशात? थंडगार वायू आणि धूळ, अफाट पसरलेली, काळीकुट्ट. तिच्यात कुठेतरी जरा दाटी होते. दाटी झाली की ती स्वतःच्याच वजनाने आत ओढली जाते, आणि आत ओढली गेली की तापते. लाखो वर्षं हेच चालतं. शेवटी मधला गाभा इतका तापतो की हायड्रोजनचं हेलियम व्हायला लागतं, आणि त्या व्यवहारात थोडं वजन हरवतं. हरवलेलं ते वजन म्हणजेच आपल्या अंगणातलं ऊन. सूर्य दर सेकंदाला चाळीस लाख टनांनी हलका होतोय, आणि कुठे बोलून दाखवत नाही. वजन आत दाबतं, उष्णता बाहेर रेटते. या ओढाताणीत दोघांपैकी कोणी हरत नाही, तोवर तारा निवांत तळपतो. संसार तरी दुसरं काय असतो? यात गुलाब कुठे आला?

तरी तेही गिळलं. सूर्याला लांब पापण्या काढल्या आहेत आणि तो डोळा मारतो, तेही गिळलं. मग शेवट आला. घुमटावर तो पापण्यांचा सूर्य, मागे सनई-व्हायोलिनचा काला, आणि माझा आवाज म्हणाला, "आपला हा सूर्य कायम तळपत राहील."

आणि दिवे लागले.

मी खुर्चीत थिजले. मी असं कधीही म्हटलेलं नाही. माझं वाक्य होतं, "आपला हा सूर्य कायम तळपत राहील असं वाटतं, पण ते खरं नाही." मागचा अर्धा भाग कापलाय. बाहेरून बोलावलेल्या मंडळींनी कापलाय. कानसेनांचा यात हात नाही, ते तेव्हा शरमेने माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. आणि कापणारे इतके अडाणी, की 'राहील' नंतर मी घेतलेला श्वास तसाच ठेवलाय! पुढचं बोलण्यासाठी घेतलेला श्वास तो. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "किती भरून आलं होतं हो तुम्हाला!" भरून कसलं येतंय, बाई? माझं तोंड दाबलं होतं.

बरं, एक मरण कापून ही मंडळी थांबली नाहीत. कात्री हातात आली की माणसाला सगळंच जास्त वाटायला लागतं. मोठ्या ताऱ्यांची मरणंही उडवली. पण त्याच्या पुढचा भाग मात्र कोणाला तरी आवडला म्हणून ठेवला, 'आपल्या रक्तातलं लोखंड ताऱ्यांतून आलं' हा. आमचे मेहुणे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, बेकरी चालवतात. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "ताई, तारे तर सगळे जागच्या जागी चमकतायत. मग लोखंड बाहेर कुठून आलं? भट्टीचं दार न उघडता पाव निघाला की हो!" प्रश्न बरोबरच होता. मोठा तारा आत आत जड मूलद्रव्यं शिजवत जातो, लोखंडापर्यंत येतो, आणि लोखंडातून त्याला काही उष्णता मिळत नाही. रेटणारी उष्णता संपते, वजन जिंकतं, गाभा कोसळतो आणि बाकीचा तारा फुटून उधळला जातो. म्हणून ते लोखंड तुमच्या-माझ्यापर्यंत पोचतं. कोणी मेलंच नाही, तर वारसा कुठला मिळणार?

मी संचालक साहेबांकडे गेले. खोटं कशाला सांगू, साहेब सभ्य आहेत. पाणी विचारलं. मग म्हणाले, "मॅडम, लोक इथे मूड खराब करून घ्यायला येत नाहीत. सूर्य मरतो म्हटलं की चेहरे उतरतात. आपल्याला सकारात्मक शेवट हवा." मी म्हटलं, वाक्य पुरं करा, नाहीतर माझा आवाज काढून दुसऱ्या कोणाचा घाला. तर म्हणाले, "लोकांना तुमचाच आवाज खरा वाटतो. आणि एका वाक्याने काय आभाळ कोसळतंय?"

साहेब, आपण विकतो काय? आभाळच ना?

आणि 'तुमचाच आवाज खरा वाटतो', हे ऐकून मला खरी शिसारी आली. खोटं बोलायला खऱ्याचा आवाज हवा! या गोडाचा मला वीट आला आहे. हा गोडवा मी घरातही पाहिलाय. धाकटी समोर बसली आहे, ती रागावेल, पण सांगते.

मागच्या हिवाळ्यात आमची आई गेली. फुप्फुसं थकली होती. डॉक्टरांनी आम्हा बहिणींना सरळ सांगितलं होतं, आणि धाकटीने दाराशी नियमच केला, की आत जाताना हसत जायचं. येणारा-जाणारा म्हणायचा, "महिन्याभरात हिंडायला लागाल!" मीही म्हणायचे. आई सगळ्यांना "हो, हो" म्हणायची आणि भिंतीकडे वळून झोपायची. एका दुपारी मी सफरचंद कापत होते. ती म्हणाली, "अगं, त्या काळोखात तू परक्या माणसांना सूर्य मरतो म्हणून सांगतेस, आणि मला सांगतेस सफरचंद खा. मी काय तिकीट काढू का?"

मग मी सुरी खाली ठेवली आणि तिला सगळं सांगितलं. आधी सूर्याचं, कारण ते मला पाठ होतं. मग तिचं. ऐकून ती म्हणाली, "म्हणजे तुझा सूर्य जवळचं सगळं वाटून, आवराआवर करूनच जातो म्हण की. मग मलाही आवरू द्या. उगीच हसत उभे राहता सगळे, मला काही सुचत नाही."

आणि तिने आवरलं. शेजारणीशी जुना अबोला होता, तिला हाक मारून घेतलं. कपाटातलं काय कोणाचं ते सांगितलं. धाकटीला पुढ्यात बसवून तिची वेणी घातली, पन्नाशीच्या बाईची. वेणी तिरकी झाली, ती धाकटीने दोन दिवस सोडली नाही. हे सगळं झालं ते खरं सांगितलं म्हणून. नाहीतर ती भिंतीकडे बघतच गेली असती, आणि आम्ही दाराशी हसत उभ्या.

चिठ्ठी आली आहे. 'वेळ झाली' असं लिहिलंय. होय साहेब, सगळ्यांची होते.

म्हणून मूड खराब होतो हे मला कोणी सांगू नये. मी माणसं पाहिली आहेत. सूर्य विझला की आम्ही घुमट पूर्ण काळा ठेवायचो. आधी खुर्च्या कुरकुरायच्या, मग एकेक खोकला थांबायचा. बाहेर पडताना माणसं एकमेकांचे हात धरून…

हे काय? दिवे कोणी घालवले?

कानसेन? तुम्ही?

… बरं. राहू द्या. साहेब, तुम्ही उठू नका, पायरी दिसायची नाही. डोळे सरावतात, जरा दम धरा. कानसेन, उद्या तुम्हाला याबद्दल बोलणी बसतील. ठाऊक आहे तुम्हाला. बरं.

तर ऐका. आपला हा सूर्य कायम तळपत राहील असं वाटतं, पण ते खरं नाही. त्याचं निम्म्याच्या आसपास आयुष्य सरलं आहे. अजून काही अब्ज वर्षांनी गाभ्यातला हायड्रोजन संपेल. गाभा आक्रसेल, बाहेरचं अंग फुगेल, तांबडं होईल. बुध जाईल, शुक्र जाईल. पृथ्वी गिळली जाईल की वाचेल याची खात्री कोणी देत नाही. पण समुद्र त्याच्या कितीतरी आधी आटलेले असतील. मग सूर्य अंगावरचे थर एकेक करून सोडून देईल. ते अवकाशात पसरतील आणि कदाचित दुसऱ्या कोणाच्या जन्माला उपयोगी पडतील. मध्ये उरेल तो पृथ्वीएवढा पांढरा गोळा. आत काही जळत नसेल. नुसती उरलेली ऊब, आणि तीही फार, फार सावकाश निवेल.

आता थोडा वेळ कोणी बोलू नका.

… झालं. दिवे लावा, कानसेन.

कोणाचा मूड गेला का? धाकटे, तू डोळे पुस आधी. साहेब, तुम्हीही.

आता समारोप करते. अध्यक्ष महोदयांनी मला मध्येच थांबवलं नाही, संचालक साहेबांनी पाणी विचारलं, सहकाऱ्यांनी इतकी वर्षं सांभाळून घेतलं, मेहुण्यांनी एक सरळ प्रश्न विचारला, आणि कानसेनांनी आता जे केलं ते केलं. सर्वांची मी मनापासून आभारी आहे. फुलं मी घेऊन जाईन, त्यांचा दोष नाही. भाषण लांबलं, चार शब्द कडू गेले, कोणाचा मान राखायचा राहिला, ते सगळं थोर मनाने पोटात घाला. सूर्याबद्दल जे बोलले ते मात्र घालू नका, त्याची मी क्षमा मागितलेली नाही.

आणि साहेब, आजच्या उद्घाटनाचं तिकीट मी काढलंय. उद्याचंही. निवृत्त बाईला दुसरं काम काय असतं? माझा आवाज 'राहील' म्हणून थांबला, की मी खुर्चीतून उठेन आणि पुढचं बोलेन.

नमस्कार.