टिपणीस साहेबांचा डेक, रत्नप्रभाताईंचा फळा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या श्रवणानंद मंडळाचे आधारस्तंभ आदरणीय श्री. अंबादास टिपणीस साहेब, व्यासपीठावर विराजमान झालेल्या संगीतशिक्षिका नीलाताई, आजच्या सत्कारमूर्ती सौ. रत्नप्रभाताई परुळेकर, त्यांचे यजमान दशरथराव, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मुलुंड पूर्वेच्या या हॉलमध्ये सतरंजीवर बसून नव्या कॅसेटी ऐकणाऱ्या, व त्यातली दुसरी बाजू सुरू झाली की भिंतीला टेकून डोळे मिटणाऱ्या माझ्या रसिक बंधुभगिनींनो, सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

मंडळाचा चिटणीस या नात्याने ताईंच्या निरोपाचे दोन शब्द बोलावेत, असा आदेश झाला आहे. साहेबांनी आत्ताच माझ्या कानात सांगितलं, "साळवे, आटोपशीर." साहेब, प्रयत्न करतो. पण मी पडलो फिटर. विक्रोळीच्या कारखान्यात माझी हयात गेली. कुठलीही वस्तू दिसली की ती उघडून आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझी बायको म्हणते, तुमच्यासमोर घड्याळ ठेवायची सोय नाही.

तेव्हा आज ताईंना उघडून बघायचा विचार आहे. त्यांनी रागावू नये.

आपल्यापैकी किती जणांना ताई प्रथम भेटल्या त्या फळ्यावर? बहुतेकांना. दूध केंद्राशेजारचा आपला काळा फळा. 'या महिन्यातील नव्या कॅसेटी' असं वर ठळक, आणि खाली ताईंचं अक्षर. नाट्यगीतं असोत, गझला असोत, मढच्या कोळीवाड्यातली नाचाची गाणी असोत, नाहीतर हल्लीचं ते डिस्को असो, ताईंनी कुणाला दोन ओळींच्या वर जागा दिली नाही. एका गझलेच्या कॅसेटखाली त्यांनी लिहिलं होतं, "प्रत्येक गझलेत दारू आहे, पण गायक शुद्धीवर आहे. जरूर घ्या." डिस्कोखाली लिहिलं, "नाचायला उत्तम. ऐकायला बसू नये." बालगीतांच्या एका कॅसेटखाली होतं, "मुलांना फार आवडेल. आईबापांनी विचार करावा." आणि अभंगांच्या एका संचाखाली तर, "पहिली बाजू देवासाठी, दुसरी बाजू कंपनीसाठी."

माणसं दूध घ्यायला यायची आणि फळा वाचून कॅसेटच्या दुकानात जायची. स्टेशनजवळचा दुकानदार तर फळ्यावर नाव आल्याशिवाय नवीन गायकाचा माल ठेवतच नसे. म्हणजे बघा, फळा दूध केंद्राचा, पण त्यावर कुणाकुणाचं नशीब लिहिलं जायचं.

मला कुतूहल असं की, या बाईंचा निवाडा होतो कसा? त्या काही गाणं शिकलेल्या नाहीत. आमच्याच कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर बसायच्या. एकदा विचारलं. म्हणाल्या, "मी भाजी चिरायला बसते आणि कॅसेट लावते. विळीवरचा हात थांबला, की शिफारस." दशरथराव मान डोलावताहेत, कारण त्या घरात चांगल्या कॅसेटच्या दिवशी जेवायला उशीर होतो.

पण हे झालं घरचं. मंडळाचा रिवाज वेगळा, आणि फळ्यावर चढायचं ते मंडळाच्या ठरावानंतरच. मंडळात कॅसेट वाजते तेव्हा कव्हर चिटणिसाच्या खिशात. गायक कोण, कंपनी कोणती, कुणाला कळू द्यायचं नाही. आधी ऐका, मत द्या, मग कव्हर बघा. हा नियम साहेबांचा, आणि तो उत्तम आहे. आणि कॅसेट वाजायची ती साहेबांच्याच डेकवर. त्यांच्या जावयांनी दुबईहून आणलेला, चांदीसारखा चकचकीत, दोन कॅसेटींचा डेक साहेबांनी मंडळाला भेट दिला, त्या दिवशी आपण नारळ फोडला होता. त्या डेकवर काय आवाज यायचा! धीरगंभीर. आपले सभासद म्हणायचे, तीच कॅसेट घरी लावली तर पातळ वाटते, मंडळाच्या हॉलमध्ये आवाजाला वजन येतं. ही वास्तूची पुण्याई आहे, असंही कोणी म्हणालं होतं. नाव घेत नाही, ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगण्याची परवानगी मी साहेबांकडे काल मागितली. ते म्हणाले, सांगा, पण माझा मान राखून. साहेब, मान राखूनच सांगतो.

गेल्या वर्षी एका रविवारी भीमगीतांची एक नवी कॅसेट लागली. मंडळात भीमगीतं पहिल्यांदाच येत होती. कॅसेट मीच आणली होती. गाणारी माझी सख्खी धाकटी बहीण सुंदरा, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, तिची ही पहिली कॅसेट. हे मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, कव्हर झाकायचा नियम आहे ना, मग बघूया ना काय होतं ते. कंपनी लहान. तिने सुंदराला सांगून ठेवलं होतं, ही चालली तर दुसरी, नाहीतर राम राम. दुकानदार फळ्याकडे बघणार. एवढं सगळं त्या एका दुपारवर होतं.

कॅसेटच्या सुरुवातीला सुंदरा दोन वाक्यं बोलते. "जय भीम. ही गाणी माझ्या आईला, जिने मला जात्यावर गायला शिकवलं." मग गाणं. आता कव्हर माझ्या खिशात होतं हे खरं. पण 'जय भीम' म्हटल्यावर झाकायला राहिलं काय?

मतं आली. आवाज जड आहे. बायकी गोडवा नाही. लय रेंगाळते. एकाने सांगितलं, भावना चांगली आहे, पण गाणं म्हणजे भावना नव्हे. मी चिटणीस, मी सगळं इतिवृत्तात उतरवून घेत होतो. घरी हीच कॅसेट ऐकताना मला तसं काही वाटलं नव्हतं. पण मनात आलं, आपले कान भावाचे. यांचे कान निराळे. आणि दुसरंही मनात आलं, ते लपवत नाही. म्हटलं, भीमराज साळवे, यापुढे या सतरंजीवर बसायचं नाही. मला फार लागलं होतं. आपल्या माणसाला कुणी नाही म्हणतं त्याचं एवढं नसतं. पण ते का नाही म्हणतात हे कळत नाही, त्याने माणूस पोखरला जातो.

मी कव्हर काढून नाव वाचलं. सुंदराबाई वाघचौरे. ठराव झाला, शिफारस नाही. फळ्यावर लिहिण्यासाठी खडू ताईंच्या हातात होता. ताईंनी तो परत डबीत ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भीमराज, ही तुझी बहीण बोलत नाहीये."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बहीण? कुणाची बहीण?

ताई टेलिफोनवर होत्या हे मी मघाशी बोललो. सुंदरा शाळेतून मला कारखान्यात फोन करायची, तो ताईंच्या बोर्डावरून यायचा, आणि दर वेळी ती आपलं नाव सांगून भावाला द्या म्हणायची. ताई सांगत होत्या, तिचा आवाज सुईसारखा बारीक आणि बोलणं असं भरभर, की तिला दर वेळी सांगावं लागतं, बाई गं, जरा हळू बोल. ही जी कॅसेटमध्ये 'जय भीम' म्हणाली, ती तर कुणीतरी झोपेतून उठून बोलतेय. म्हणजे हा डेक हळू फिरतोय.

आता आली का पंचाईत! डेक कुणाचा? साहेबांचा. तो कसा हळू फिरेल? कोणी म्हणालं, दुबईचा माल आहे. कोणी म्हणालं, कॅसेटच हलकी असेल, लहान कंपनी आहे. नीलाताईंनी सुचवलं, त्या बाईंनाच इथे बोलावून गायला लावूया, म्हणजे कळेल. घरी गेल्यावर मी हे सुंदराला सांगितलं. ती म्हणाली, "दादा, मी गायला येईन. परीक्षा द्यायला येणार नाही." तिचं बरोबर होतं. मी तसं ताईंना कळवलं आणि म्हटलं, विषय संपला.

पण तो संपवू देतील तर त्या ताई कसल्या! पुढच्या महिन्याच्या रविवारी त्यांनी मंडळाच्या कपाटातून एक जुनी कॅसेट काढली. मंडळाच्या उद्घाटनाचं साहेबांचं भाषण. फोटोग्राफरने आपल्या टेपवर भरून दिलं होतं, आणि त्यानंतर, साहेब, क्षमा करा, ते कुणी कधी लावलंच नव्हतं. ताईंनी कुणाला काही न सांगता कॅसेट डेकमध्ये घातली आणि बटण दाबलं.

"मि... त्र... हो..."

काय सांगू तुम्हाला! जणू साहेब श्रीखंड-पुरी जेवून, पान खाऊन, पाटावर बसल्या बसल्या बोलताहेत. पहिल्यांदा हसल्या त्या आमच्या वहिनी, साहेबांच्या सौभाग्यवती. मग कुणाला आवरेना. साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, "हा माझा आवाज नव्हे. मी असा रेंगाळत बोलत नाही."

ताई म्हणाल्या, "मग ती तरी अशी का गाईल?"

आता इथे मला साहेबांचा मान राखायचा आहे, आणि तो खरोखरच राखण्यासारखा आहे. एखादा असता तर रुसून डेक घरी घेऊन गेला असता. साहेबांनी दोन मिनिटं डेककडे बघितलं आणि मला म्हणाले, "साळवे, तुम्ही फिटर ना? उघडा." मी उघडला. आत एक रबरी पट्टा असतो, तो सैल होऊन घसरत होता. एवढंच. माझ्यासारखा फिटर महिनोन्‌महिने त्याच्यासमोर बसून माना डोलावत होता, यावर माझी बायको अजून हसते.

नवा पट्टा बसला. सभासद म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं. ताई म्हणाल्या, मुळीच नाही, आपण आजवर फळ्यावर जे जे लिहिलं ते सगळं पुन्हा ऐकायचं. आणि ऐकलं! किती मजा आली त्या रविवारी. ज्या अभंगगायकाला आपण 'भारदस्त, साक्षात तपस्वी' म्हटलं होतं, तो एक साधा, गोड, बारीक आवाजाचा तरुण निघाला. डिस्को एकदम पळायला लागलं आणि आमचे ज्येष्ठ सभासद बसल्या बसल्या पाय हलवायला लागले. मढच्या गाण्यांत ढोलकी कशी वाजते, ते तेव्हा कळलं. वास्तूची पुण्याई रबरी पट्ट्याबरोबर गेली ती गेलीच.

पण हे ऐकता ऐकता माझ्यातला फिटर पुन्हा जागा झाला. डेक तर सगळ्यांसाठीच हळू फिरत होता. अभंगवाल्यासाठीही आणि सुंदरासाठीही. मग हळू फिरल्यावर एक तपस्वी वाटला आणि दुसरी जड का वाटली? हा प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही. आजही उत्तरासाठी विचारत नाही. पण मला वाटतं, त्या दिवशी तो हॉलमधल्या बऱ्याच जणांना न विचारताच ऐकू आला. कारण शेवटी सुंदराची कॅसेट लागली, आणि कधी नव्हे ते सगळे डोळे उघडे ठेवून ऐकत होते. भिंतीला कुणी टेकलं नव्हतं.

ती संपल्यावर दुसऱ्या रांगेतले आमचे तेच वास्तुपुण्याईवाले सद्गृहस्थ म्हणाले, "आवाज काय लखलखीत आहे हो! पण तिसऱ्या गाण्याची चाल मात्र मला नाही आवडली. उगाच ओढलीय." खरं सांगतो मित्रहो, त्या वाक्याने मला जेवढा आनंद झाला तेवढा कौतुकाने झाला नाही. माझ्या बहिणीचं गाणं एका माणसाला आवडलं नव्हतं, आणि का नाही ते मला कळलं होतं. सुंदराला सांगितलं, तर ती म्हणाली, बरोबर आहे त्यांचं, तिसरं ओढलंच आहे.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ताईंनी लिहिलं, "गेल्या खेपेला आम्ही ही कॅसेट नीट ऐकली नव्हती. आता ऐकली. चौथ्या गाण्याला भाजी चिरायची राहिली." दुकानदाराने माल ठेवला. आणि सुंदराची दुसरी कॅसेट याच आठवड्यात बाजारात आली आहे. ती स्वतः शेवटच्या रांगेत बसली आहे. उभी राहा गं, सुंदरा.

ताई आता परुळ्याला गावी चालल्या आहेत. काल मी त्यांचं सामान बांधायला गेलो होतो. तेव्हा इतके दिवस पोटात ठेवलेला प्रश्न विचारून टाकला. म्हटलं, ताई, त्या पहिल्या रविवारी डेकबरोबर आणखीही काही सैल होतं, ते तुम्हाला कळलं होतं की नाही? मग तुम्ही नुसतं डेकचंच का बोललात?

ताई घरातल्या मालवणी भाषेत बोलल्या. दोरीची गाठ मारत म्हणाल्या, "डेकाचो पट्टो बदलूक येता रे. म्हणान आधी डेकाचा बोललंय. माणसांचा मगे बघूया म्हटला."

म्हणजे काल मला कळलं की आजवर त्या आमचं काय काय 'बघत' होत्या.

साहेबांनी घड्याळ बघितलं. आवरतो. मंडळातर्फे ताईंना साडी, श्रीफळ आणि दूध केंद्राच्या फळ्यावरचा तो खडू देण्याचं ठरलं आहे. सामान वाहून नेणाऱ्या दशरथरावांचे, हार्मोनियम आणणाऱ्या नीलाताईंचे, आणि ज्यांनी स्वतःचा आवाज ऐकून घेण्याचं धैर्य दाखवलं त्या आमच्या अध्यक्षांचे मी मनापासून आभार मानतो. नवी कॅसेट आता लगेच लावणार आहोत. ताई, आज तुमच्या हातात विळी नाही, तेव्हा निवाडा कसा होतो ते आम्ही तुमच्या चेहऱ्याकडे बघून ठरवू.

आणि माझ्या या बोलण्यात कुणाला काही जड वाटलं असेल, कुठे लय रेंगाळली असेल, तर त्याबद्दल क्षमा मागतो. फक्त एक विनंती आहे. घरी गेल्यावर ते मनात आणखी एकदा ऐका.

जय भीम. नमस्कार.