भिंत स्थिर असल्याबाबत

क्षितिजा : म्हसूकाका, वरची भिंत मंगळवारी पाऊण तास सलग जोरात हलली... असं मी म्हणालेच नाही. चहा फक्कड झालाय.

म्हसू : हलली?

क्षितिजा : कोण म्हणालं?

म्हसू : तुमी. आत्ता.

सुंदरा : आन् फक्कड चहा अजून तोंडाला बी लावला न्हाई तुमी. नीट सांगा ताई, आमचं घर त्या भिंतीखाली हाय.

क्षितिजा : काकू, सोसायटीच्या त्या भिंतीला मी कंप मोजायचं यंत्र लावलंय ना? वरच्या रस्त्यानं पिरंगुटचे ट्रक गेले की भिंत थोडी थरथरते. त्या थरथरीचा आलेख घंटेसारखा येतो, मधे फुगीर, कडांना निमुळता. घाबरायचं नसतं.

सुंदरा : मग तुमी का घाबरलाय?

क्षितिजा : एखादा झटका बसला तर चालतं. पण थरथरीची सरासरीच धोक्याच्या लाल रेषेच्या वर राहायची शक्यता दर मिनिटाला निम्मी होत जाते. सलग पाऊण तास म्हणजे, पृथ्वी झाल्यापासून एकदा घडावं असं.

म्हसू : मग झाली की एकदा. सुटलो.

क्षितिजा : तसं नसतं, काका. एक तर आपण तिघं फार नशीबवान...

सुंदरा : दुसरं सांगा.

क्षितिजा : ...नाहीतर मी जिचा हिशेब केला, ती भिंत आता तशी राहिली नाही. आत काहीतरी सुटलंय.

(वरून मूठभर खडे घरंगळत येतात. गोठ्यातल्या शेळ्या दाव्याला हिसके देतात.)

म्हसू : पर गेटावर कागद लावलाय की, 'तज्ज्ञांच्या अहवालानुसार भिंत स्थिर आहे.' त्यो वाचून सोसायटीनं भिंतीला टेकू द्यायचं काम रद्द केलं.

क्षितिजा : तो अहवाल माझा. मी लिहिलं होतं, 'प्रक्रिया स्थिर आहे.' आमच्या शास्त्रात स्थिर म्हणजे न हलणारी नव्हे. काल हलत होती तशीच आजही हलणारी.

सुंदरा : मग आमचं हे बी स्थिर. तीस वरसं एकसारखंच डुलत येत्यात.

म्हसू : गप ए! ताई, सोसायटीच्या त्या मॅनेजरला सांगा की.

क्षितिजा : सांगितलं. म्हणाले, पृथ्वी झाल्यापासून एकदाच घडणारी गोष्ट मंगळवारी कशी घडेल? मंगळवारी ऑफिस बंद असतं.

सुंदरा : ऐकलं? उठा. गॅसची टाकी बंद करा. मी शेळ्या सोडते.

म्हसू : ताई, तुमी लिव्हनाऱ्या. एक अर्ज लिवा पटकन.

क्षितिजा : आत्ता? कुणाच्या नावानं?

म्हसू : भिंतीच्याच. दुसरं कोण हाय ऐकाया?

क्षितिजा : बरं... 'विषय : मुदत मिळणेबाबत.' पुढं?

म्हसू : दोन शेळ्या गाभण हायेत, त्या सावकाश चालत्यात. तरी सदर भिंतीनं, त्या खालचा वढा वलांडंपातूर, दम धरावा, ही नम्र विनंती.