काशीत सोडलेली पेटी

पंचगंगा घाटावर नावेच्या रांगेत माझ्यापुढे काशीतच राहणारी एक काकू आणि पुण्याहून आलेली तिची पुतणी उभ्या होत्या.

“काकू, काशीत आवडीची गोष्ट सोडतात ना? मी चहा सोडू?”

“कारलं सोड.”

“ते कुठे आवडतं मला?”

“म्हणून तर सांगते, मालविका.”

“काकांनी काय सोडलं होतं?”

“पेटी वाजवणं. नवीन लग्न झालेलं. रोज पहाटे एकच धून, मी वैतागलेली. इथेच ओंजळीत पाणी घेऊन ह्यांनी विचारलं, ‘काय सोडू?’ म्हटलं, ‘ती पेटी सोडा.’ म्हणाले, ‘खरंच?’ म्हटलं, ‘हो, खरंच.’”

“आणि सोडली?”

“मी तर मजाक केला होता गं. वाटलं, दोन दिवसांत बसतील वाजवायला. पुढे सांगायचीच लाज वाटायला लागली. चाळीस साल निघून गेले.”

“मग आता सांग की!”

“दिवाळीत सांगितलं. पेटी पुसून पुढ्यात ठेवली. म्हटलं, ‘अहो, तेव्हा मी खरंच म्हटलं नव्हतं.’”

“मग?”

“भाता उघडला, पट्ट्यांवर बोटं ठेवली, आणि मलाच विचारलं, ‘मी काय वाजवायचो गं?’”

“तू काय सांगितलंस?”

“मलाही आठवेना. खरंच आठवेना गं.”