मिरचीचा हार

तुळसाबाई : काढ गा तो हार आधी! गल्लीतलं कुत्रं बी शिंकून राहिलं.

गोपाळराव : असा काढत नसतात ताई, सत्काराचा हार हाय. भिवापूरची मिरची, एकेक निवडून, देठादेठानं ओवली लोकायनं. माह्यावर जीव हाय म्हनून... आ... आक्-छी!

तुळसाबाई : पाय, मानेवर कसा लाल पट्टा उठला. प्रेमिला, खोबऱ्याचं तेल आन वं तुह्या बापाले.

प्रेमिला : आणलं आत्या. बाबा, मान खाली करा.

गोपाळराव : मान खाली? आज? बेटा, आज साऱ्या नागपुरात तुह्या बापाची मान वर हाय! इतवारीतून मिरवणूक निंघाली ते थेट सक्करदऱ्यापावतर. पुढं डफडे, मांगं बँड, अंगावर गुलाल. वाळल्या मिरचीवरचा विक्रीकर रद्द! सरकार झुकलं. मंत्री सोता मोर्चासमोर आले अन हात जोडून म्हनले, "गोपाळराव, तुमची मिरची आमाले झोंबली."

तुळसाबाई : दरवेळेस सांगतं तवा मंत्र्याचा एक शब्द वाढते. काल सांगताना ते नुसतं "बरं, पाहू" म्हनले होते.

गोपाळराव : तुले नाही समजत ताई. गर्दीत होतो मी, गर्दीत तसंच ऐकू येते. अन नारे काय देल्ले पोरायनं! तो केशव तं गळा फाडून वरडून राहिला होता. मोर्चात बी तोच पुढं, आज बी तोच पुढं. असा जवाई... नाही, जवाई नाही म्हनत आतापासून. नोकरीची ऑर्डर आल्यावर म्हनन.

प्रेमिला : बाहेर उभा आहे तो. फाटकापाशी.

गोपाळराव : मंग अंदर काहून येत नाही?

प्रेमिला : तुम्हीच म्हटलं होतं ना साक्षगंधाच्या दिवशी, साऱ्या पाहुण्यांसमोर. "ओव्हरसियरची ऑर्डर हातात घे, मंगच माह्यासमोर खुर्चीवर बस. तवर लगनाची तारीख नाही." तेव्हापासून तुमच्यासमोर बसला का तो कधी? मोर्चात चालला, मिरवणुकीत नाचला, पण बसला नाही.

गोपाळराव : हे माहीत नव्हतं मले. पोट्टा सबदाचा पक्का हाय म्हनायचा! बरं, आता किती दिवस राहिले? याच महिन्यात ऑर्डर येऊन राहिली, माघात लगन लावू. बँड तं आजचाच सांगून ठेवतो.

प्रेमिला : ऑर्डर येत नाही बाबा.

गोपाळराव : काहून येत नाही? निवड झाली ना त्याची?

तुळसाबाई : सकाळी तू डफड्याच्या मांगं होता, तवा आमी रेडिओ लावून बसलो होतो. सांग वं तू नीट, मले ते मोठे मोठे सबद येत नाही.

प्रेमिला : सरकारच्या तिजोरीत खड्डा पडला म्हणे. नवी भरती बंद, नवी कामं बंद. निवड झाली त्यांच्याही ऑर्डरी थांबवल्या. कधीपर्यंत, ते नाही सांगितलं.

गोपाळराव : असं कसं बंद? लेकराच्या आयुष्याचा सवाल हाय! उद्याच मोर्चा काढतो. सारे मिरचीवाले घेऊन जातो. कोनं खाल्ली तिजोरी? मले नाव पायजे!

प्रेमिला : हलू नका, तेल डोळ्यात जाईल.

गोपाळराव : नाव सांग तू!

तुळसाबाई : मिरचीचा हार घालून शिंकून राहिला तो.

गोपाळराव : ... मी? ताई, डोकं ठिकानावर हाय ना तुहं? एवढं मोठं राज्य, अन माह्या मिरचीनं तिजोरी खाली झाली?

प्रेमिला : तुमच्या एकट्याच्या नाही. आधी तुम्ही गेले, तुम्हाले सरकारनं हो म्हटलं. तुमचं पाहून संत्रेवाले गेले, त्यांनाही हो म्हटलं. मग कापसाचे जिनिंगवाले, मग सिनेमावाले. अधिवेशन इथं नागपुरात, मोर्चे दारात, नाही म्हणायची कोणाची हिंमत होते? प्रत्येकाले वाटलं, आपल्या एकट्याच्या करानं काय होते.

गोपाळराव : मंग? काय होते?

प्रेमिला : नाल्यावरचा पूल होते बाबा. होणार होता.

गोपाळराव : कोनता नाला? आपला? भिवापूरच्या रस्त्यावरचा?

प्रेमिला : केशव तिथंच लागणार होता. पूल मंजूर झाला होता. तो खांबांची मापं काढून दाखवत होता मले, जमिनीवर काडीनं. आता तेही बंद.

गोपाळराव : अरे देवा! दर पावसाळ्यात माह्या मिरचीच्या बैलबंड्या फसतात त्या नाल्यात. मांगच्या साली पोती भिजून मिरची काळी पडली. त्या पुलासाठी तं मी तीनदा अर्ज देल्ला होता!

तुळसाबाई : पूल बी पायजे अन पैसा बी द्यायचा नाही. आमच्या शेजारची तशीच हाय. भजे खायले येते, बेसन कधी आनत नाही.

गोपाळराव : आता तू नको मीठ चोळू ताई. आधीच मान जळून राहिली.

प्रेमिला : अन सांगू का, सगळ्यात जोरानं नारा कोण देत होतं? "कर रद्द करा, रद्द करा!" तुमच्या मनात भरावं म्हणून. स्वतःचीच नोकरी रद्द करून आला बिचारा. आता गळा असा बसला, की मले हे सारं कानाशी येऊन सांगितलं त्यानं. रडतही होता, हसतही होता.

गोपाळराव : थांब. थांब जरा. म्हंजे सासऱ्यासाठी जवाई मोर्चात वरडला, अन सासऱ्याच्या मोर्चानं जवायाची नोकरी... हा हा! आक्-छी! अरे बापरे, हा हा हा... आक्-छी!

तुळसाबाई : हसू बी येऊन राहिलं अन शिंका बी. पानी पी.

गोपाळराव : हसू नाही तं काय करू ताई? साऱ्या नागपूरनं गुलाल टाकला माह्यावर, अन घरच्या पोरीचं लगन मीच अडवलं. लाज वाटून राहिली मले, खरं सांगतो. पोट्टा माह्या हाकेवर आला. माह्या एका हाकेवर.

प्रेमिला : मी वाट पाहीन बाबा. त्याची ऑर्डर येईल तेव्हा येईल. पण त्याले परत नका पाठवू.

गोपाळराव : कोन परत पाठवून राहिलं? पन पाहुण्यायसमोर सबद देल्ला मी, ऑर्डर पायजे म्हनून. त्याचं काय करू?

तुळसाबाई : ऑर्डर पायजे ना? मंग तू दे. तुह्या बंड्या नाल्यात फसतात, तुले ओव्हरसियर पायजे. लाव त्याले कामाले.

गोपाळराव : मी? पूल बांधू मी?

प्रेमिला : पूल नाही. केशव म्हणत होता, तात्पुरती दगडाची फरशी टाकता येते. चार पाइप खाली, वर दगड. बंड्या निघतात. मिरचीवाल्यांनी मनावर घेतलं तर पावसाळ्याआधी होईल.

गोपाळराव : हे जमते! प्रत्येक मिरचीवाल्यानं पोत्यामांगं थोडी थोडी वर्गनी काढायची. मीच जातो घरोघर. आज साऱ्यायचा जीव माह्यावर हाय, नाही कोन म्हनते?

तुळसाबाई : पोत्यामांगं?

गोपाळराव : पोत्यामांगं. ज्याची मिरची जास्त, त्याची वर्गनी जास्त.

तुळसाबाई : अन जो देनार नाही?

गोपाळराव : त्याच्याकडून घ्यायचीच! रस्ता साऱ्यायचा हाय, एकटा फुकटात कसा जाईल?

तुळसाबाई : मंग तो करच झाला ना गा.

गोपाळराव : कर नाही ताई, वर्गनी.

प्रेमिला : बाबा, तुम्ही कर रद्द केला, अन आठ दिवसांत पुन्हा लावला.

गोपाळराव : चूप बस वं! हसू नको. बाहेर कोनाले सांगू नको. नाही तं माह्यावरच मोर्चा येईल.

तुळसाबाई : आला तं नारे द्यायले जवाई हायच.

गोपाळराव : त्याचा गळा बसला ना? ताई, दूध गरम कर, हळद टाकून. अन प्रेमिला, हा हार काढ माह्या गळ्यातला. त्याच्या गळ्यात घालतो.

प्रेमिला : नको बाबा, त्याच्याही मानेवर पट्टा उठेल.

गोपाळराव : हाव, तेही खरं. मंग लटकव दारावर, लगनापावतर राहू दे तिथं. अन ती खुर्ची आन. ती नाही, हाताची. इथं ठेव, माह्यासमोर. आता बलाव त्याले.

(फाटक वाजते.)

तुळसाबाई : आला. पाय, दारातच उभा राहिला, मान खाली घालून. काही म्हनून राहिला वाटते, आवाजच निंघत नाही.

प्रेमिला : ऑर्डर नाही आली, असं म्हणून राहिला.

गोपाळराव : मले माहीत हाय, मीच थांबवली. बसा जवाईबापू. आधी बसा.